पाटलांच्या वाटीतला रस

"दादा, आज कुणाला काही शिकवायचं नाही. शपथ घे."

उषाने भावाला न्हाणीच्या दारातच गाठलं होतं. वामन मास्तरांच्या अंगाला साबण तसाच होता.

"शिकवायचं नाही म्हणजे काय? आता कुणी काही विचारलंच तर..."

"कुणी विचारत नसतं. तूच सांगतोस."

मास्तरांनी डोळ्यांतला साबण पुसला. बुऱ्हाणपूरच्या एका शाळेत ते शास्त्र शिकवत, आणि शाळा सुटली तरी त्यांचा तास काही सुटत नसे. उषाची तीन स्थळं त्यांनी अशीच घालवली होती. पहिल्या स्थळाचे पाहुणे पाणी पीत असताना मास्तरांनी त्यांना त्याच पाण्यातले जंतू समजावून सांगितले. दुसऱ्या खेपेला मुलाच्या वडिलांचं टक्कल पाहून हे घराण्यात कसं उतरतं त्याची आकृती काढून दाखवली, तीही मुलाच्या देखत. तिसरी मंडळी चहा अर्धा टाकून उठली, कारण चहाने आतड्यांचं काय होतं हे त्यांना फारच तपशीलवार कळलं होतं. आई-वडील मागे नाहीत, बहीण चोविशीला आलेली. तिचं लग्न व्हावं म्हणून मास्तर तीळ तीळ तुटत होते आणि त्यांच्याच तोंडाने दर वेळी घात केला होता.

"घेतली शपथ," मास्तर म्हणाले. "आज मी मुका."

स्थळ होतं शाहपूरचं. लीलाधर पाटील, केळीचे मोठे बागायतदार. मुलगा अरविंद नेपानगरच्या कागद कारखान्यात नुकताच कामाला लागला होता. मंडळी रसाच्या जेवणाला येणार म्हणून मास्तरांच्या मथुराआत्या खास देडतलाईहून मांडे करायला येऊन बसल्या होत्या. पहाटेपासून उषाने आंबे पिळले, आत्यांनी रस गाळला, आणि कल्हईचं मोठं पातेलं काठोकाठ भरून स्वयंपाकघरात ठेवलं. घरात आंबा म्हणून एक उरला नाही.

दहाच्या सुमाराला पाटलांची दमणी, दोन बैलांची हलकी गाडी, दारात येऊन थांबली. आधी उतरला तो केळीचा घड. मुलीच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नाही आणि पहिल्या तोडणीचा घड दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचा नाही, ही पाटलांच्या घराची रीत. लीलाधर पाटलांचे धाकटे भाऊ गोटूकाका म्हणजे आडवा बांधा आणि उभा आवाज. त्यांनी तो घड खांद्यावर घेतला, सरळ स्वयंपाकघरात नेला आणि आढ्याच्या कडीला टांगला.

"वयनी," ते मास्तरांच्या बायकोला म्हणाले, "पिकला का खा. असा घड पुऱ्या तापीकाठाले भेटनार नाही!"

कडीच्या बरोबर खाली रसाचं पातेलं होतं, हे त्या गडबडीत कुणी पाहिलं नाही.

ओसरीवर पानसुपारी झाली. त्या वर्षी जिथे तिथे एकच विषय होता, नवी राज्यं होणार, तर बुऱ्हाणपूर मुंबईकडे जाणार की भोपाळकडे. गोटूकाका दोन्हीकडून भांडत होते. लीलाधर पाटील गालाला पंचा लावून गप्प बसले होते. मास्तरही गप्प. त्यांना नकाशा काढून दाखवायची अशी हुक्की आली होती की हाताची बोटं शिवशिवत होती, पण त्यांनी हात मांडीखाली दाबून धरले. तेवढ्यात आतून कमलची, म्हणजे त्यांच्या बायकोची हाक आली. "अहो, जरा इकडे येता का?"

आवाज साधाच होता. पण चौदा वर्षांच्या संसारात मास्तरांना तो 'जरा' ओळखता येत होता. ते उठले.

स्वयंपाकघरात कमल एकटीच भिंतीला चिकटून उभी होती. तिने नुसतं बोट दाखवलं. पातेल्यात, पिवळ्याधमक रसाच्या मधोमध, हाताच्या पंजाएवढा करडा केसाळ कोळी पाय मारत होता. घडातला एक लांब धागा त्याच्यापर्यंत लोंबत आला होता.

मास्तरांनी डावाने त्याला उचललं आणि मागच्या दारातून परसात सोडलं. कोळी क्षणभर थांबला, अंग झटकलं आणि रसाचे आठ पाय उमटवत निघून गेला.

"विषारी आहे का हो?" कमलने विचारलं.

"आहे. सगळेच कोळी थोडेफार विषारी असतात. हा तर चांगला दांडगा होता, सुळे पाहिलेस ना?"

"मग मेलं आता! एवढा रस फेकायचा! पानं मांडली, आणि रस कुठाय म्हणून विचारलं तर काय सांगू? अहो, रसाचं जेवण म्हणून आवतण दिलंय आपण!"

मास्तरांनी ओसरीकडे पाहिलं, मग पातेल्याकडे. बायकोला शिकवायचं नाही अशी काही शपथ नव्हती. त्यांचा चेहरा एकदम खुलला.

"फेकायचं काही कारण नाही. ऐक. विषाविषात फरक असतो. धोतऱ्याचं बी, कण्हेरीचं मूळ, यांचं विष पोटात गेलं की बाधतं. पण साप, विंचू, कोळी यांचं विष टोचून घ्यावं लागतं. रक्तात गेलं तर ते आपलं काम करतं. पोटात गेलं की पोट त्याला वरणभातासारखं पचवून टाकतं. म्हणून तर कोळ्याला सुळे लागतात आणि धोतऱ्याला लागत नाहीत."

"बोलायला काय जातंय? तुम्ही खाल का हा रस?"

मास्तरांनी तिच्यासमोर डावभर रस प्यायला. मिशी पुसली. "उत्तम झालाय. फक्त तोंडात कुठे जखम नको. हिरडी फुटलेली, तोंड आलेलं, असं काही असलं तर मात्र ते सरळ रक्तात जाईल. पण इथं कुणाला काय झालंय?"

मथुराआत्यांना यातलं काही सांगायचं नाही, असं दोघांनी ठरवलं. आत्यांच्या कानावर पडलेली गोष्ट दुपारपर्यंत सगळ्या पेठेत व्हायची.

पानं मांडली. गोटूकाकांनी मास्तरांचा हात धरून त्यांना पंगतीतच ओढलं. "वाढायले बायका हायेत ना? तुम्ही आमच्यासंगं बसा." मास्तर लीलाधर पाटलांच्या शेजारी बसले. आतल्या दाराशी मुलाची आई रंभाबाई चटईवर बसून सगळ्या पंगतीवर नजर ठेवून होत्या. त्यांच्यामागे, दाराआड, उषा.

आचमन झालं आणि पाटलांनी तोंडात बोट घालून कापसाचा बोळा काढला. बोळा लाल होता.

"माफ करा मास्तर," ते हळूच म्हणाले. "कालच खंडव्याले दाढ काढली. अजून रगत पाझरते."

मास्तरांना आपलंच फुटलेल्या हिरडीचं बोलणं आठवलं. हातातला घास ताटात पडला.

त्याच वेळी मथुराआत्या रसाचं भांडं घेऊन आल्या आणि पहिली वाटी पाटलांची भरली. पाटलांनी वाटीला हात घातला.

"थांबा!" मास्तर ओरडले. सगळी पंगत थांबली. "त्यात... त्यात काडी आहे." आणि त्यांनी ती वाटी उचलून आपल्या पानाजवळ घेतली.

आत्यांचा पारा चढला. "काडी? माह्या हातानं गाळलेल्या रसात काडी? दोन फडक्यांतून गाळलाय मी!" त्यांनी दुसरी वाटी आणली, काठोकाठ भरली आणि पाटलांपुढे आपटली.

"आत्या, पाटलांना रस नको असेल," मास्तर घाम पुसत म्हणाले. "उन्हाळ्याचे दिवस. रस उष्ण पडतो."

"उष्ण? वामन, अरे हा आमरस हाये का निखारा? व्याह्यांले रस नको म्हनतोस? आपल्या घरची रीत इसरला का तू?"

"नको, खरंच नको मावशी," पाटील मधेच काकुळतीने म्हणाले. त्यांना खरोखरच नको होता. ठणका पार डोळ्यापर्यंत गेला होता. पण तापीच्या खोऱ्यात पाहुण्याने नको म्हणणं म्हणजे अजून वाढा म्हणणं. पाटलांनी वाटीवर पंजा ठेवला, तर आत्यांनी त्या पंजावरूनच रस ओतला. बोटांमधून रस खाली गेला आणि वरचा मनगटावर आला.

पाटील सवयीने बोटं चाटायला गेले. मास्तरांनी त्यांचं मनगट पकडलं, तांब्या घेतला आणि भर पंगतीत व्याह्यांचा हात खळखळून धुवून काढला.

रंभाबाईंनी मान पुढे काढून पाहिलं. दाराआड उषाने पदर तोंडात कोंबला होता, आणि तो हसू दाबायला नव्हता. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांना स्वतःची एवढी चीड आली की सांगता सोय नाही. खरं सांगितलं तर पाहुण्यांना कोळी पडलेला रस वाढला म्हणून स्थळ मोडणार. नाही सांगितलं तर पाटील वाटी तोंडाला लावणार. वाटी तर भरलेली समोर होती, आत्या डोक्यावर उभ्या होत्या आणि पाटलांनी नाइलाजाने हात पुढे केला होता.

मास्तरांनी ती वाटी उचलली आणि घटाघटा पिऊन टाकली.

"आगं माय वो!" रंभाबाई म्हणाल्या.

पाहुण्याची वाटी रिकामी दिसता कामा नये, एवढंच आत्यांना कळत होतं. त्यांनी ती पुन्हा भरली. मास्तरांनी पुन्हा प्यायली. आत्यांनी पुन्हा भरली.

"वामन! अरे तुह्या पुढ्यात तुही वाटी हाये ना, मेल्या!"

मास्तरांनी तीही प्यायली, म्हणजे पाटलांचीच वाटी पळवतो असं कुणी म्हणायला नको. पाटलांची वाटी तोवर परत भरली होती. कमल धावत दुधाची वाटी घेऊन आली, "पाटील, दूध घ्या, दुधाशी मांडा चांगला लागतो," असं म्हणाली, पण आत्यांनी तिला कोपराने बाजूला सारलं. "रस ठेवून दूध? पोरी, तुलेही ऊन लागलं का?"

आता हे सगळं अवघड झालं असतं, पण गोटूकाकांनी मांडीवर थाप मारली. त्यांच्या मनात काही निराळंच आलं होतं.

"आता कळलं! मास्तर पैज लावून राहिले! बोलायचं काम नाही, सरळ मैदानात! आन वं मावशी, माहीबी वाटी भर. शाहपूर काय मांगं राहते का? चला मास्तर, होऊन जाऊ द्या!"

आणि झालं. पंगतीचा आखाडा झाला. रसाच्या पैजा त्या भागात नव्या नव्हत्या, जावयांना तर असंच तोलतात. गोटूकाका वाटीमागून वाटी रिचवत होते, अरविंद लाजत लाजत हसत होता, आणि मास्तर स्वतःची एक, पाटलांची एक, अशा पाळीने पीत होते. काकांना वाटलं हा गडी दुप्पट खेळतोय. त्यांचा आदर वाढत गेला.

"वा रे पठ्ठ्या! दिसायले काडी, पन पोट आहे का विहीर!" असं म्हणून त्यांनी मास्तरांच्या पाठीत कौतुकाने असा रट्टा हाणला की मास्तरांचे दात जिभेवर कच्चकन बसले.

डोळ्यांपुढे काजवे चमकले. तोंडात रसाच्या गोडीत काहीतरी खारट मिसळलं. मास्तरांनी बोटाने जीभ चाचपली. बोट लाल झालं.

शास्त्राच्या मास्तराला यापुढचं कुणी सांगायला नको होतं. आता पाटलांची दाढ आणि आपली जीभ, दोन्ही सारखंच. एक थेंब विष, उघडी जखम, सरळ रक्तात. कपाळाला दरदरून घाम सुटला. आणि पाटलांची वाटी भरून पुढे आली होती. आता आत्या हातात भांडं घेऊन तिथेच खाली बसल्या होत्या. हा नालायक भाचा वाटीला हात लावतो कसा ते बघतेच, म्हणून. पाटील तर रीत राखायची म्हणून डोळे मिटून वाटीकडे वळले होते.

मास्तरांच्या डोक्यात हिशेब भराभर झाला. मी मेलो तर निदान स्थळ राहील. पाटील मेले तर पाटीलही गेले आणि स्थळही गेलं. त्यांनी दाराकडे पाहिलं. उषा आता तोंडातला पदर सोडून नुसतीच उभी होती, चौथ्यांदा सगळं संपलं असं समजून. आईच्या माघारी हिला वेणी घालायला शिकलो होतो मी, हे त्यांना एकाएकी आठवलं. त्यांनी आत्यांच्या हाताखालून वाटी ओढली आणि पिऊन टाकली. मग पुढची. मग त्याच्या पुढची.

शेवटी गोटूकाकांनी कमरेचा करदोडा सैल केला आणि हात जोडले. "हरलो मास्तर. हा बैल बसला." आत्यांनी भांडं उपडं करून दाखवलं. आता वाढायला काही नव्हतंच.

मास्तर भिंतीला धरून धरून माजघरात गेले आणि आडवे झाले. पोट नगाऱ्यासारखं टणक झालं होतं. डाव्या हाताची नाडी उजव्या हाताने धरून ते आढ्याकडे बघत पडून राहिले.

"कमल, माझे हात गार पडलेत का?"

"गार नाहीत, चिकट आहेत."

"जीभ बधिर वाटतेय. सुरुवात अशीच होते. मी गेलो तर उषाचं लग्न या वर्षी करू नका म्हणतील लोक, त्यांचं ऐकू नको. लगेच उरकून टाक."

"काही जात नाही तुम्ही," कमल पदराने वारा घालत म्हणाली. "एवढासा किडा आणि एवढं मोठं पातेलं. त्यातून सगळ्या पंगतीने खाल्लं. तुमच्या वाट्याला त्याचं काय आलं असेल? तो चावलाही नाही कुणाला, नुसता पडला. सकाळी मला शिकवत होतात ना?"

"सकाळी जीभ शाबूत होती," मास्तर कण्हले.

पण कमलचंही तोंड पडलं होतं. ओसरीवर पाहुण्यांची कुजबुज चालू होती आणि मास्तरांच्या या असल्या तमाशानंतर तिथे काय ठरत असेल हे सांगायला नको होतं. थोड्या वेळाने रंभाबाईच उठून आत आल्या. त्यांच्यामागे लीलाधर पाटील, गालाला पंचा लावून. मास्तर उठायला गेले, त्यांना उठवलं नाही.

"पडा मास्तर, पडा," पाटील म्हणाले. त्यांच्या आवाजात कढ होता. "आजवर ही दुखती दाढ घेऊन मी तीन घरी जेवायला गेलो. समद्यांनी मले मारून टाकलं बापा, खा, खा करून. तुम्ही मांतर माहं तोंड पाह्यलं आनं समजून घेतलं. माही वाटी आपल्या पोटात घातली. असा व्याही कुठं भेटते?"

"त्याहिचं ऱ्हाऊ द्या," रंभाबाईंनी नवऱ्याला गप्प केलं. "मी बायकाच्या नजरेनं सांगते. रस कोनी पिळला होता, मथुराबाई?"

"उषानं," दारातून आत्या म्हणाल्या. "पहाटपासून एकटीनं."

"आइकलं? आता मले सांगा. हा भाऊ रोज तिच्याच हातचं खाते. रोज खानाऱ्या माणसाचं मन भरत नाही, पाहुन्याची वाटी हिसकून पिते, लाज सोडून पिते, तर त्या पोरीच्या हातात काय चव आसंल! माह्या अरविंदले खानावळीचं खाऊन खाऊन पोट पाठीले लागलं. मले हीच पोरगी पाह्यजे. बाकी काही देवघेवचं बोलू नका, आम्ही बोलनार नाही."

कमल गूळ आणायला उठली. मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि ते कशाने, हे त्यांना स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं.

साखरपुड्याचा दिवस ठरवून, गूळ वाटून दमणी परत निघाली. बैलांच्या घुंगरांचा आवाज पेठेच्या वळणापर्यंत ऐकू येत होता. मास्तर अजून नाडी धरूनच होते. नाडी मात्र काही केल्या बिघडायला तयार नव्हती.

उषा आत आली. डोळे सुजलेले होते, पण चेहऱ्यावर असं काही होतं की मास्तरांनी ते फार वर्षांत पाहिलं नव्हतं. ती भावाच्या पायाशी बसली.

"दादा, एक विचारू? खरं सांग हं. खरंच एवढा चांगला झाला होता रस?"

मास्तरांनी तोंड उघडलं. विषाविषातला फरक, दाढ, जीभ, रक्त, घडावरून लोंबणारा धागा, सगळा धडाच्या धडा ओठांपर्यंत आला. कमल उषाच्या मागून डोळे वटारत होती.

"हो," मास्तर म्हणाले.

उषा लाजली. मग झटकन उठली. "मला वाटलंच! पाहुण्यांपुढे तुला मनासारखा खाता येणार नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी पानं मांडली तेव्हाच पातेल्यातून तुझ्यापुरता तांब्याभर काढून ठेवला होता. आण म्हटलं तर आणते."

मास्तरांनी कमलकडे पाहिलं. कमलने दुसरीकडे पाहिलं. उषा उत्तराची वाट न बघता तांब्या घेऊन आली, आणि तो दोन्ही हातांनी धरून भावापुढे उभी राहिली.

वामन मास्तर कोपरावर भार देऊन उठून बसले. त्यांनी नाडी सोडली आणि हात पुढे केला.